उसवलेला मोर

नाना हो म्हणाले तेव्हा त्यांची सून दीपाली आत चहा गाळत होती. गाळणं कपावर धरलं होतं ते तिने तसंच धरून ठेवलं. चहा कपातून बशीत आणि बशीतून ओट्यावर गेला, तरी तिला पत्ता नव्हता.

बाहेरच्या खोलीत पुण्याहून आलेली नूपुर देशमाने नानांसमोर बसली होती. ती व्हिडिओ आर्टिस्ट होती. म्हणजे नेमकं काय, हे तिने नानांना दोनदा समजावून सांगितलं होतं.

"सिनेमा नाही, मालिका नाही, जाहिरातही नाही," नाना म्हणाले. "भिंतीवर हलतं चित्र लावायचं आणि लोकांनी उभं राहून बघायचं. असंच ना?"

"असंच."

"तिकीट?"

"नाही."

"मग बरंय. नाही आवडलं तर कोणी दारात भांडायला येणार नाही."

नूपुर मनापासून हसली. सुधाकर दिवटे, म्हणजे येवल्यातल्या सगळ्या विणकरांचे नाना, यांच्याकडे ती मोठ्या आशेने आली होती. त्यांनी विणलेला पैठणीचा एक पदर तिला थोडे दिवस हवा होता. पटवाचक नावाच्या यंत्रावर तो वाचून त्यातून ती एक चित्रफीत करणार होती.

"तोच ने, आत्ता मागावरून उतरवलेला. मोरांचा," नाना म्हणाले. "त्यातला हात ताजा आहे."

दीपाली ट्रे घेऊन जवळजवळ धावतच बाहेर आली. "नाना, सासूबाईंबरोबर विणलेला जुना पदर आहे ना पेटीत? तो द्या की. आठवणीचा आहे."

"त्याला कसर लागलीय."

"कुठं लागलीय? मी परवाच ऊन दाखवलं."

"चहा दे त्यांना," नाना म्हणाले आणि विषय संपला. नानांनी विषय संपवला की तो संपायचाच.

पटवाचक हे नाव ज्याने ठेवलं त्याला मराठी चांगलं येत असावं. आपण चित्रपट म्हणतो, पण त्यातला पट म्हणजे कापड, हे आपण केव्हाच विसरून गेलो होतो. या यंत्राने ते शब्दशः खरं करून दाखवलं.

पूर्वी घरोघरी खोक्याएवढे टीव्ही असत. त्यांच्यावर चित्र एकदम उमटत नसे. वरून खाली एकेक आडवी ओळ रेखली जायची आणि ओळींचं मिळून चित्र व्हायचं. कापडाचंही तेच आहे. ताण्याचे उभे धागे मागावर आधीच ताणलेले असतात. विणकर त्यातून बाण्याचा एक आडवा धागा घालतो, फणीने ठोकतो, मग पुढचा घालतो. कापडातली प्रत्येक आडवी ओळ हा एकेक क्षण असतो, आणि ते क्षण आले त्याच क्रमाने एकमेकांना चिकटून पडून राहतात. पदराची एक कड सकाळची असली, तर बोटभर पुढे दुपार झालेली असते.

आता त्या क्षणी हात कसा चालत होता, हे धाग्याला कुठून कळणार? तर कळतं. पैठणीची जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली धातूची चपटी तार. रेशीम वाकवलं तर पुन्हा सरळ होतं, धातू होत नाही. बोटांनी किती ओढलं, कुठल्या बाजूने ओढलं, कुठे क्षणभर थांबलं, याची बारीक मुरड त्या तारेत कायमची राहते. बोटांचा घाम असतो, त्यातलं मीठ असतं. पटवाचक एक सौम्य किरण सोडून ओळीमागून ओळ या मुरडी मोजत जातो. मग हजारो विणकरांचे हात बघून तयार झालेला प्रोग्राम उलटा हिशोब मांडतो, की अशी मुरड पडायला हात कुठून निघून कुठे गेला असेल. आणि पडद्यावर हात विणायला लागतात. कोपरापर्यंत ते स्पष्ट दिसतात, त्यापुढे सगळं धुकं असतं. चेहरा दिसत नाही.

सुरुवातीला लोक हरखले. खापरपणजीचा शेला घेऊन रांगेत उभे राहिले, तो विणणारे हात बघून रडले. मग कुरबुरी सुरू झाल्या. एकाच्या बक्षीसपात्र साडीत भलत्यांचेच हात निघाले आणि त्याला मानपत्र परत करावं लागलं. आईने विणली म्हणून जपलेली साडी मावशीने विणलेली निघाली, आणि दोन घरांचं जाणंयेणं तुटलं. व्यापारी तर हुशारच. त्यांनी प्रत्येक पदर यंत्राखाली घालायला सुरुवात केली. हात जरा हलताना दिसला, की विणकराला गोड आवाजात सांगायचे, "काका, आता आराम करा."

मागच्या गल्लीतल्या गंगाधर तवट्यांना असंच सांगितलं होतं. त्यांच्या हाताच्या नसा कामातून चालल्यात हे डॉक्टरच्या आधी साडीच्या व्यापाऱ्याला कळलं. तेव्हापासून ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि खुर्चीचं तोंड भिंतीकडे असे. आत माग दिसतो म्हणून. दीपाली दळण आणायला त्या वाटेने जाई, तेव्हा मान खाली घालून जाई.

नानांचं असं व्हायला नको, एवढीच तिची धडपड होती. कारण नानांचा हात हलायला लागून बराच काळ झाला होता, आणि ते फक्त तिला माहीत होतं.

दीपाली मूळची मनमाडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. लग्नाआधी सुई हातात घेतली असेल तर शर्टाचं बटण लावायला. नवरा तुषार लासलगावला कांद्याच्या शीतगृहात नोकरीला. तो विणकराचा मुलगा खरा, पण मागावर बसला की त्याच्या पायाला मुंग्या यायच्या. सासूबाई गेल्या आणि मागावरची नानांशेजारची जागा रिकामी झाली. भरलेला पदर विणायला दोघं लागतात, शेजारी शेजारी बसून. कोणीतरी बसायला हवं म्हणून दीपाली बसली. काठ शिकली, वेल शिकली. मोर मात्र नाना तिला करू देत नसत.

नानांचा मोर ही वेगळीच चीज होती. त्याची मान अशी काही वळलेली असे, की आता तो मागे बघणार असं वाटावं. त्या मोरासाठी गिऱ्हाईक थांबायला तयार असे आणि थेट घरी येऊन पदर घेऊन जाई, म्हणून नानांचं काम आजवर व्यापाऱ्यांच्या यंत्राखाली गेलं नव्हतं.

एके दिवशी तिला दिसलं, की मानेला खाच पडली आहे. धागा जिथे वळायला हवा तिथून एक घर अलीकडेच वळला होता. नाना काही बोलले नाहीत. उठले, चपला पायात सरकवल्या, "चौकात जाऊन येतो" म्हणाले आणि गेले. दीपाली त्या मोराकडे बघत राहिली. मग तिने तो हलक्या हाताने उसवला, आणि शेजारच्या जुन्या मोरावर नजर ठेवून, घर न् घर मोजत, पुन्हा विणला. मधूनमधून ती दाराकडे बघत होती. परत आल्यावर नानांनी मागाकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या वेळात तुझा वेल एवढाच पुढं गेला? मनमाडची गाडी पुन्हा सिग्नलला थांबली वाटतं."

तिने ते गिळलं. पुढे ते रोजचंच झालं. नाना मोर विणायचे, चौकात जायचे, ती उसवून विणायची आणि वर बोलणी खायची. गल्लीतल्या बायकांत नाना उघड म्हणायचे, की सून गुणी आहे पण हात जड आहे. तिला ते लागायचं. एखाद्या दिवशी तर वाटायचं, सांगून टाकावं तोंडावर. मग गंगाधर काकांची खुर्ची आठवायची आणि ती गप्प बसायची.

यंत्राला हे कधीच कळलं नसतं. पण तिच्याकडून एक चूक झाली होती, जी विणकराच्या घरातलंच माणूस करू शकतं. उसवलेली जर तिने फेकली नव्हती. या घरात जरीचा तुकडाही कोणी टाकत नाही, पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावतात. नानांच्या हातची उसवलेली जर तिने बोटांनी सरळ केली होती आणि तीच पुन्हा पदरात घातली होती. सरळ फक्त डोळ्यांना. तारेतली मुरड तशीच होती, आणि तिच्यावर आता दीपालीची मुरड पडली होती.

नूपुरने यंत्र गल्लीच्या टोकाच्या मंगल कार्यालयात मांडलं होतं. चित्रफीत पुण्याला नेण्याआधी ती पहिल्यांदा विणकरांनाच दाखवायची, असं तिने ठरवलं होतं. पदर वाचून झाला त्या सकाळी तिने दीपालीला बोलावून घेतलं.

"आधी तुम्ही बघा ताई," ती म्हणाली. "मला काय सापडलंय, तेच मला कळत नाहीये."

समोरच्या भिंतीवर दोन हात उमटले, माणसाहून मोठे. नानांचेच, करंगळी जरा बाहेर ठेवायची त्यांची सवयही होती. बोटांतून हिरवा धागा जात होता, मग जांभळा. मोराची मान सुरू झाली आणि उजवा हात थरथरायला लागला. आणि त्याच जागी, त्याच हाताच्या आत असावा तसा, दुसरा हात दिसला. तो थरथरत नव्हता. एकाच मोरावर दोन हात चालत होते, एक थरथरता आणि एक स्थिर, आणि दोघांचं वळण तंतोतंत सारखं होतं.

"प्रोग्रामने आधी एकच माणूस धरला होता," नूपुर हळू आवाजात म्हणाली. "थरथर सोडली तर फरकच सापडत नव्हता. मग जरीवर बांगडीचे ओरखडे दिसले."

दीपालीने नकळत मनगट पदरात घेतलं. "काढून टाका हे."

"ताई, मी आजवर केलेलं हे सगळ्यात..." नूपुर अडखळली. "लोक हे बघून रडतील."

"लोकांचं काय, रडून घरी जातील. तो माणूस कुठे जाईल?" दीपालीचा आवाज चढला. तिने गंगाधर काकांची गोष्ट सांगितली. खुर्ची, भिंत, सगळं. सांगता सांगता तिच्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पाया पडते तुमच्या. नुसता चांगला भाग ठेवा."

नूपुरने भिंतीवरचं चित्र बंद केलं. उठून खिडकीशी गेली, परत आली. हातातलं सोनं सोडायला सांगितल्यासारखा तिचा चेहरा झाला होता, आणि दीपालीला तिची कीवही आली.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "कापते."

रविवारी दुपारी गल्ली कार्यालयात लोटली. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. तुषार सुट्टी काढून आला होता. नाना इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत, शेजारी दीपाली. मागे साड्यांच्या एका मोठ्या पेढीचा माणूस पाय पसरून बसला होता. गंगाधर काकांना त्यांचा मुलगा धरून घेऊन आला होता.

चित्रफीत छानच झाली होती. अंधारात ते मोठे हात संथ चालत होते, धाग्याला धागा लागत होता, आणि हातांखाली सोनेरी पदर खालून वर उगवत होता. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हात बघा, हात!" दिवे लागले तेव्हा टाळ्या थांबेनात. दीपालीने सुटकेचा श्वास सोडला.

नानांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते पडद्याकडेच बघत होते.

"मधलं कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

टाळ्या विरल्या. नूपुर पुढे आली. "कुठलं मधलं, नाना?"

"वेल डावीकडं चालला होता. एकदम उजवीकडून कसा निघाला? पदर मी विणलाय बाई. किती लांब आहे, मला ठाऊक आहे."

नूपुरने दीपालीकडे बघितलं, आणि ते नानांनी बघितलं. दीपाली घाईने उठली. "नाना, चला घरी. उन्हाचं बाहेर पडलात, तुम्हाला बरं नाही."

"मला काय धाड भरलीय? खाली बस." मग नूपुरला म्हणाले, "पुरं लाव."

"नाना..."

"माझा पदर आहे ना? मग पुरा लाव."

दिवे पुन्हा गेले. दीपालीने डोळे गच्च मिटून घेतले. आता कुजबुज होईल, कोणीतरी हसेल, पेढीचा माणूस उठून जाईल. पण कानावर काहीच येईना. शेवटी तिने डोळे उघडले.

मोराच्या मानेवर दोन हात चालले होते. त्या सकाळी तिने आपलाच हात बघितला होता, भीतीने. आज पहिल्यांदाच तिने नानांचा बघितला. धागा घालून झाला की तो हात शेवटी एक झटका देतो, धागा आवळून बसवतो. नाना जन्मभर तसंच करत आले. इथे मात्र तसं होत नव्हतं. झटका द्यायच्या जागी अंगठा किंचित मागे यायचा आणि धागा सैल पडायचा. त्यावर फणीही हलकी लागायची, नुसती टेकल्यासारखी. वेलापाशी, काठापाशी अंगठा ठीक आवळत होता. फक्त मोरापाशीच सैल सोडत होता.

ती पुढे सरकून बसली. हात हलायला लागला की माणूस धागा जास्त घट्ट धरतो, सैल नाही. गंगाधर काकांच्या शेवटच्या साड्या चामड्यासारख्या ताठ झाल्या होत्या त्या यामुळेच. सैल धागा आपोआप पडत नाही, तो सोडावा लागतो. आणि मोर इतका सैल कोण विणतं? ज्याला माहीत आहे की हा उसवायचा आहे, तो. इतके मोर उसवले, आणि जर एकदाही तुटली नव्हती. तिला वाटत होतं, आपलाच हात हलका.

तिने शेजारी बघितलं. पडद्याच्या उजेडात नाना तिच्याकडे बघत नव्हते. पण मांडीवरचा त्यांचा उजवा हात थरथरत होता, आणि त्यांनी तो झाकला नव्हता.

दिवे लागले. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मागे वळले.

"बघितलं ना सगळ्यांनी? हलतोय तो माझा. हलत नाही तो हिचा." मग पेढीच्या माणसाकडे बघून म्हणाले, "मोर पाहिजे असला तर यापुढं हिच्याशी बोलायचं. मी फक्त चहापुरता."

कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि बायका दीपालीभोवती गोळा झाल्या. गंगाधर काका मुलाचा हात सोडून पुढे आले. नानांचा थरथरता हात त्यांनी आपल्या थरथरत्या हातात घेतला. दोघं तसेच उभे राहिले.

घरी जाताना तुषार मागे रेंगाळला. बायकोची चाल बघूनच त्याला अंदाज आला होता.

"तुम्हाला माहीत होतं," दीपाली नानांना म्हणाली.

"होतं."

"पहिल्यापासून?"

"पहिला मोर सोडून. तो खराच चुकला होता. परत येऊन बघतो तर बरा झालेला." नाना हसले. "म्हटलं, हिच्या हातात आहे काहीतरी."

"मग मला का बोलत होता रोज? हात जड, हात जड! गल्लीभर सांगत होता." तिला रस्त्यातच रडू फुटलं. "मी तोंड दाबून सगळं ऐकून घेतलं, तुम्हाला कळू नये म्हणून. आणि तुम्ही चौकात बसून मजा बघत होता?"

"मजा कसली गं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "शिकवला असता तर तू माझ्यासारखा मोर केला असता, पण बेताचाच. पोरगी म्हणून मी चालवून घेतलं असतं. चोरून करायचा म्हटल्यावर तुला हुबेहूब करावा लागला. मला पत्ता लागू नये इतका. पडद्यावरसुद्धा थरथर सोडली तर फरक दिसत नव्हता. असा हात शिकवून येत नाही, पोरी. मी माझा हात तुला चोरायला लावला. मी मरायच्या आत तो कुठंतरी जायला हवा होता."

दीपालीने डोळे पुसले. राग गेला नव्हता, पण आता त्याला धरायला जागा राहिली नव्हती. चार पावलं चालल्यावर ती थांबली.

"आणि माझा?"

"तुझा काय?"

"माझा मोर. मला फक्त तुमचाच येतो. हात उचलला की तुमची करंगळी बाहेर येते. मी विणायला बसले तर माझा मोर कसा असेल, हे मलाच माहीत नाही."

नानांनी आपल्या करंगळीकडे बघितलं. बाजूने एक सायकल घंटी वाजवत गेली.

"हे माझ्या ध्यानात नाही आलं," ते म्हणाले. "चुकलंच."

दुसऱ्या दिवशी दीपाली मागावर बसली, पण शेजारचा जुना मोर तिने फडक्याने झाकून टाकला. नाना बाजूला बसले होते. ती समोर काहीही न ठेवता मान विणायला लागली. दोनदा करंगळी बाहेर आली, दोनदा तिने ती आत घेतली. मान जाड होत होती. वळायच्या ऐवजी ती सरळ वर निघाली होती, भांडायला उभ्या राहिलेल्या बाईसारखी. नानांना ते बघवत नव्हतं. ते चुळबुळले, खाकरले, त्यांचा हात दोनदा त्या धाग्याकडे गेला आणि दोनदा मागे आला.

"मान जाड झाली," शेवटी न राहवून ते म्हणाले.

"झाली."

"उसवायची?"

"नाही."

नानांनी एक मोठा श्वास घेतला. मग रंगीत धाग्यांची टोपली मांडीवर ओढली, थरथरत्या बोटांनी त्यातल्या कांड्या चाचपल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या विणकराला विचारलं, "पुढं कुठला रंग देऊ?"